पन्हाळा ते पावनखिंड: मांड्या न सोलवटता चालण्याच्या नोंदी

२ मार्च २०२५, रविवार

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड चालायचं नक्की झालं. सुमारे ५० किलोमीटर, दोन दिवस, आणि कोल्हापूरकडचा जुलैचा पाऊस म्हणजे सकाळी अंग भिजलं की संध्याकाळपर्यंत वाळायचं नाव नाही. गटातल्यांनी बूट, पोंचो, बॅटऱ्या अशी यादी करायला घेतलीय. माझ्या यादीत सध्या एकच गोष्ट आहे, मांड्या.

गेल्या ऑगस्टचं आधी लिहून टाकते, म्हणजे ही वही कशासाठी ते कळेल. राजगड-तोरणा करत होतो. संजीवनी माचीच्या अळू दरवाजातून उतरले तेव्हाच मांड्यांच्या आतल्या बाजूला चरचरायला लागलं होतं. पुढे मधल्या खिंडीत गाडीरस्ता आडवा जातो, तिथवर पोचेपर्यंत दोन्हीकडची कातडी तळहाताएवढी सोलवटली. तोरणा समोर दिसत होता आणि मी तिथून गाडी धरून परत आले. सगळ्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय. गटाच्या दादांनी स्वतःच्या पायातली नीकॅप काढून माझ्या गुडघ्याला चढवली. ती मी घरापर्यंत तशीच घालून आले, कारण आता काढायची कशी? रात्री आंघोळीचं पाणी लागलं तेव्हा ओरडू नये म्हणून टॉवेल तोंडात धरला होता.

त्यानंतर सहा महिने मी एकही गड चढले नाही. दमसास होता, पाय चालत होते. अडवलं ते वीतभर कातडीनं. हे पुन्हा होऊ द्यायचं नाही, म्हणून चार महिने पद्धतशीर करून बघायचं आणि लिहीत जायचं.

मोजायची पट्टी साधी ठेवते. ० म्हणजे काही नाही. १ म्हणजे ऊब लागते. २ म्हणजे चरचर. ३ म्हणजे लाल. ४ म्हणजे कातडी गेली.

९ मार्च, रविवार. वेताळ टेकडी, ८ किलोमीटर

नेहमीची सुती लेगिंग, वर सैल कुर्ता. काहीही लावलं नाही. मुद्दामच, कारण आधी काय होतं ते दिसायला हवं.

३ किलोमीटरला १. ५ किलोमीटरला २. तिथे थांबून खाणीच्या कडेला बसले, वारा लागू दिला, पंधरा मिनिटांत बरं वाटलं. परत चालायला लागले तर दोनशे पावलांत आधीपेक्षा जास्त झोंबायला लागलं. आधी कोडं पडलं. मग घरी लेगिंग काढल्यावर दिसलं: मांडीच्या जागी कापडावर पांढरट नकाशा उमटला होता. घाम वाळला आणि मीठ राहिलं. बसले होते तेवढ्या वेळात मी स्वतःच्या कातडीवर बारीक पॉलिशपेपर तयार करून घेतला आणि मग त्यावर चालले.

पुढच्या वेळी थांबले की आधी ओल्या फडक्यानं पुसायचं, मग टिपायचं, मग वाळवायचं. नुसतं वाळवलं तर उलट त्रास.

दुसरी गोष्ट. 'सुती घाला, सुती चांगलं' हे आपण लहानपणापासून ऐकतो. घरात, दुकानात, ऑफिसात ते खरंच आहे. पण चालताना सुती कापड घाम पितं आणि सोडत नाही. ओलं सुती कापड ओल्या कातडीला धरून ठेवतं आणि पाऊल पुढे गेलं की कातडी ओढतं. पूर्ण कोरडी कातडी एकमेकींवरून सरकते, ओलसर कातडी चिकटते. सगळा त्रास त्या चिकटण्यात आहे.

फोनमध्ये पावलं बघितली. माझी एका किलोमीटरला साधारण १,४५० होतात. म्हणजे पावनखिंडीपर्यंत सत्तर हजारांच्या वर. प्रत्येक पावलाला मांडी एकदा मांडीवरून जाणार.

१३ मार्च, गुरुवार

वहिनींना वहीबद्दल सांगितलं. वहिनी म्हणजे काडी, ४८ किलो. त्यांनी दार लोटून घेतलं आणि म्हणाल्या, "मला पण होतं गं. मांड्यांना नाही, जांघेत. घडीतच. मी कुणाला बोलले नाही कधी."

मी आजवर हे सगळं माझ्या वजनाच्या खात्यावर मांडत आले होते. आज निदान हे कळलं की जागा वेगळी असते, कारण वेगळं असतं, पण होतं ते बारीक माणसालाही. त्यांचं दुखणं ऐकता ऐकता लक्षात आलं की त्यांना कापतो तो आतल्या चड्डीचा इलॅस्टिक. जांघेच्या घडीत बरोबर तिथेच पट्टी येते, भिजते, आणि दोरीसारखी वळते.

वहिनी पण जुलैत येणार आहेत.

२३ मार्च, रविवार. तळजाई, ९ किलोमीटर. खोबरेल

तीच सुती लेगिंग, आत खोबरेल तेल. आज्जी सांगायची तसं. पहिला पाऊण तास सुरेख, ० वर. मग तेल कापडानं ओढून घेतलं आणि तासाभरात २. खोबरेल वाईट नाही, पण ते टिकत नाही. दर पाऊण तासानं लावायचं म्हणजे दिवसभरात दहा-बारा वेळा आडोसा शोधायचा. पावनखिंडीच्या वाटेवरच्या मसाई पठारावर आडोसा कुठला? बोडकं पठार आहे ते.

३० मार्च, रविवार

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड केलं, चाल नाही.

६ एप्रिल, रविवार. सिंहगड, आतकरवाडीतून वर आणि खाली

उन्हाचा तडाखा. टाल्कम पावडर करून बघितली. चढताना अर्ध्या वाटेपर्यंतच टिकली. घामानं भिजून पावडरीच्या गोळ्या झाल्या, शेवयांच्या पिठासारख्या, आणि त्या गोळ्याच काचायला लागल्या. वर पोचले तेव्हा २, खाली उतरले तेव्हा ३.

पावडर घरात बसून असताना, रात्री झोपताना ठीक. गडावर नाही. हा मुद्दा संपला.

उतरताना जास्त लागतं हेही आज पहिल्यांदा नीट दिसलं. उतरताना गुडघे वाकलेले राहतात, मांड्या जवळ येतात, पाऊल आखूड पडतं. चढाईत सगळं बरं आहे म्हणून निर्धास्त होऊ नये.

७ एप्रिल, सोमवार

कालच्या ३ ची काळजी. कोमट पाणी, साबण नाही, चोळणं नाही, मऊ पंचानं टिपणं. मग पेट्रोलियम जेलीचा पातळ थर आणि सैल परकर. दोन रात्रींत उतरेल असं वाटतं. जंतुनाशक द्रव्य ओतायचा मोह गेल्या वर्षी झाला होता आणि ते ओतून मी जखम आणखी चिडवली होती. उघड्या कातडीला स्वच्छ पाणी पुरतं.

१२ एप्रिल, शनिवार. कापड आणि शिवण

आजचा दिवस कामाचा. लक्ष्मी रोडला होजिअरीच्या दुकानांतून फिरले. मला पँटच्या आत घालायला हवं होतं ते एवढंच: नायलॉन किंवा पॉलिएस्टर आणि लायक्रा यांचं, अंगाबरोबर बसणारं, गुडघ्याच्या चार बोटं वर संपणारं. आखूड घेतलं की मांडीच्या सगळ्यात जाड भागावर कड येते आणि दहा मिनिटांत ती वर गुंडाळून दोरखंड होते. लांब हवं. कड मांडी निमुळती होते तिथे बसायला हवी.

एक महागडी जोडी मार्चमध्येच मागवली होती. तिच्या कडेला आतून रबरासारखी पकड-पट्टी होती. ती वर सरकली नाही हे खरं, पण घामात त्या पट्टीखाली बांगडीसारखा लाल वळ उठला, आठवडाभर खाजत होता. परत घेतली नाहीत त्यांनी. ज्यांना रबर सोसत नाही त्यांनी ही पट्टी तपासून घ्यावी.

सायकलवाल्यांची गादी लावलेली शॉर्ट पण हातात घेऊन बघितली. ती खोगिरावर बसायला. चालताना ती गादी पाणी पिऊन मांड्यांच्या मध्ये स्पंजसारखी बसेल.

मग आमच्या शिंपीणकाकूंकडे गेले. माझी जुनी ट्रॅकपँट उलटी करून त्यांच्या टेबलावर पसरली. काकूंनी चष्मा खाली घेतला आणि आसनाखालच्या जागेवर बोट ठेवलं. "हे बघ. चार शिवणी एका ठिकाणी येतात. पुढची, मागची, दोन पायांच्या. वर ओव्हरलॉकचा दोरा. ही गाठ झाली गाठ. बोट फिरव." फिरवलं. सुती कापडात ती एरवी कळतही नाही. बोटाला ती सुतळीएवढी लागली. माझ्या मांडीवर सर्वांत आधी लाल होतं ते बरोबर तिथे, दोन बोटं खाली.

काकूंचा उपाय: आसनाखाली पतंगाच्या आकाराचा एक जोड घालायचा. म्हणजे चारही शिवणी एका बिंदूत न भेटता चार बाजूंना पांगतात. आणि जोडाची शिवण आतून उभी न ठेवता दोन्हीकडे दाबून चपटी करायची. मापाला त्यांनी मला खुर्चीवर एक पाय ठेवायला लावला. "उभं राहून माप घेतलं तर उभं राहायचीच चड्डी होते," म्हणाल्या. चड्डीच्या आत दुसरं काही घालायचं नाही, हेही त्यांनीच सांगितलं. वहिनींचा इलॅस्टिकचा प्रश्न तिथेच सुटतो.

दोन जोड्या शिवायला टाकल्या. कापड मी दिलं, शिलाई जोडीला ३५०.

२७ एप्रिल, रविवार. वेताळ टेकडी, १२ किलोमीटर

काकूंची चड्डी, वर सैल पटकन वाळणारी पँट. आत काहीही लावलं नाही. ६ किलोमीटरपर्यंत ०. शेवटी १. मार्चमध्ये ५ किलोमीटरला २ होतं ते आठवून घरी येताना रिक्षात डोळे भरून आले. कुणाला वाटेल चड्डीसाठी कोण रडतं. मी सहा महिने घरी बसले होते.

५ मे, सोमवार. औषधाच्या दुकानातली गोष्ट

वहिनींच्या जांघेत खाज सुटली आणि थांबेना. औषधाच्या दुकानात विचारलं तर काउंटरवरच्या मुलानं न बघता एक ट्यूब दिली. नशीब, मी ट्यूबच्या मागचं वाचलं. क्लोबेटासोल. म्हणजे जोरदार स्टेरॉइड, आणि त्याच ट्यूबमध्ये बुरशीवरचं आणि जंतूंवरचं औषध मिसळलेलं.

त्वचेच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. बाईंनी दिवा धरून पाहिलं आणि दोन मिनिटांत फरक समजावला. घासून झालेलं दुखणं तिथेच थांबतं, चरचरतं, विश्रांती मिळाली की चार दिवसांत उतरतं. गजकर्णाची कड बाहेर सरकत जाते, कड उठावदार आणि मधला भाग फिका, खाज रात्री वाढते. वहिनींना गजकर्णच होतं. स्टेरॉइडची ट्यूब लावली असती तर खाज लगेच थांबली असती, लाली गेली असती, आणि खाली बुरशी निवांत पसरली असती. वर जांघेची कातडी पातळ, तिथे स्टेरॉइड जास्त शोषलं जातं, कातडी आणखी पातळ होते, पट्टे पडतात. बाई म्हणाल्या, अशा ट्यूबा लावून चिघळलेले रुग्ण त्यांच्याकडे रोज येतात.

साधं बुरशीवरचं मलम दिलं, खाज गेली तरी सांगितलेले दिवस पूर्ण करायचे, घरातले टॉवेल वेगळे, चड्ड्या उन्हात वाळवायच्या. आणि मधुमेह असेल तर असल्या जखमेची वाट बघत बसू नका, असंही त्यांनी आपणहून सांगितलं. आमच्या गटात तिघांना मधुमेह आहे. त्यांना आजच फोन करते.

१० मे, शनिवार रात्र. कात्रज ते सिंहगड

बुद्धपौर्णिमेला दोन दिवस, त्यामुळे चांदणं भरपूर. डोंगर संपतच नाहीत या वाटेवर, चढा की उतरा, चढा की उतरा. उतारावरची परीक्षा घ्यायला यापेक्षा चांगली जागा पुण्याजवळ नाही.

काकूंची चड्डी आणि पेट्रोलियम जेली. निघायच्या आधी घरी, कोरड्या कातडीवर. किती लावायची याचा अंदाज आज आला. बोटाच्या एका पेराएवढी एका मांडीला, आणि चोळून जिरवायची नाही, थर दिसला पाहिजे. तीन जागा: मांडीचा आतला वरचा भाग, जांघेची घडी, आणि मागची बसायची घडी. ही तिसरी जागा कुणी बोलत नाही, पण लांब चालीत तीही सोलवटते.

पहाटे सिंहगडावर पोचले तेव्हा ०. मध्ये एकदाच, साधारण अडीच तासांनी, पुन्हा लावली. पुसून, मग लावून. न पुसता वरून थापली तर घामाचं मीठ आणि धूळ त्या जेलीत मळली जाते आणि आपण वाळूचं मलम लावतो.

एक चूक: आदल्या दिवशी वहिनींच्या मावसबहिणीनं मांड्यांवर रेझर फिरवला होता. तिला रात्री सगळ्यात जास्त त्रास. नुकते कापलेले केस खुंटासारखे उभे असतात, ते समोरच्या कातडीला टोचत जातात. चालीच्या आधी तीन-चार दिवस रेझर नको, किंवा केस आहेत तसेच राहू द्यावेत.

२५ मे, रविवार. सिंहगड, भर पावसात

यंदा पाऊस मे महिनाही संपू देत नाहीये. मला हवंच होतं.

आज वरून भिजण्याची परीक्षा. घाम आतून येतो, तो थोडा असतो. पाऊस सगळंच भिजवतो, आणि वरून चिखल. पायवाटेवरचं लाल पाणी पँटच्या पायातून वर ओढलं जातं. खाली उतरल्यावर चड्डी उलटी केली तर आतल्या बाजूला बारीक रेती होती, चिमूटभर. जेली पाण्यानं गेली नाही, ती पाण्याला दाद देत नाही, पण ती रेती तिच्यात चिकटली. शेवटी २.

झिंक ऑक्साइडचं मलम, बाळांच्या लंगोटाच्या पुरळावर लावतात ते पांढरं, वहिनींनी लावलं होतं. त्यांना १. ते जाड असतं, भिंतीसारखं बसतं, पण कपड्यावरून निघत नाही, आणि धुवायला वेळ लागतो. माझा निष्कर्ष असा की दिवसा जेली, आणि कातडी आधीच चिडलेली असेल तर रात्री झिंक.

रेतीसाठी उपाय सुचला तो गेटर. पोटरीवर बांधायचं ते आवरण दगड-काटे-सापासाठी घालतात, पण पँटच्या पायातून चढणारं पाणी त्यानं थांबेल का हे बघायचं.

पोंचोबद्दलही एक. पोंचो घालून चढलं की आत वाफ होते आणि पावसाइतकंच भिजायला होतं. चढावर पोंचो काढून भिजलेलं बरं, थांबल्यावर घालावा.

२२ जून, रविवार. पुणे ते सासवड, माउलींच्या पालखीबरोबर

पहाटे निघालो, हडपसर, वडकी नाला, मग दिवेघाट, सासवड. सुमारे ३० किलोमीटर, पायाखाली डांबर. घाटात रथाला जादा बैलजोड्या जुंपल्या होत्या आणि सगळा घाट माणसांनी भरून गेला होता. टाळांचा ठेका पायात उतरतो, चाल आपोआप लागते, हे ज्यांनी केलंय त्यांना सांगायला नको.

दुपारी वडकीच्या पुढे सावलीला टेकले. शेजारी परभणीकडच्या एक मावशी पाय पसरून बसल्या होत्या. साठीच्या पुढच्या असतील. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "माउली, पाय फाकवून चालत होता की घाटाच्या अलीकडं. जांघंत लागलंय व्हय?"

माझी लाज कुठल्या कुठे गेली. मी म्हटलं, "नाही मावशी, लागू नये म्हणून चाललंय सगळं."

मग त्यांनी मला काष्टा दाखवला. नऊवारीचा काष्टा दोन्ही मांड्यांच्या मधून मागे जातो, म्हणजे मांडीला मांडी लागतच नाही, मध्ये कापड असतं. पण तेच कापड भिजलं की त्याची किनार काचते. म्हणून निघताना त्या काष्टा खोचताना किनार बाहेरच्या बाजूला वळवून घेतात आणि आतून जुन्या लुगड्याचा मऊ धडपा ठेवतात. "नवं लुगडं वारीला नेसायचंच नाही बघा. धुऊन धुऊन मऊ पडलेलं न्यायचं. सासूनं शिकवलंय." मुक्कामाला पोचलं की आधी पाय नि जांघा धुवायच्या, पुसायच्या, खोबरेल लावायचं आणि मगच जेवण. त्यांची ही चौदावी वारी होती.

मी चार महिने मोजपट्टी घेऊन जे शोधत होते, त्यातलं निम्मं या बाईंच्या खोचलेल्या किनारीत होतं. शिवण बाहेर, कापड मऊ, मुक्कामाला आधी धुणं. नवी चड्डी पावनखिंडीला पहिल्यांदा घालायची नाही, हे तिथेच ठरलं. दोन्ही जोड्या आता रोज घरात घालून आणि धुऊन मऊ करते.

आजचा आकडा: २८ व्या किलोमीटरला १. जेली तीनदा.

२९ जून, रविवार. पाळीचा हिशेब

तारीख मोजली तर पाळी १२ जुलैच्या आसपास. हे आधीच्या नोंदींत यायला हवं होतं. पॅडच्या पंखांची कड जांघेत नेमकी तिथे येते जिथे वहिनींचा इलॅस्टिक येत होता, आणि ओल्या दिवसात ती प्लास्टिकची कड ब्लेडसारखी लागते. वर काकूंच्या चड्डीत आत दुसरं काही घालायचं नाही, मग पॅड धरणार कशाला?

मेन्स्ट्रुअल कप मी दोन वर्षं वापरते, त्यामुळे माझं निभेल. पण ज्या वापरत नाहीत त्यांनी तो चालीच्या दिवशी पहिल्यांदा वापरू नये, दोन-तीन महिने आधी सवय करावी. गटातल्या एका मुलीसाठी काकूंनी आसनाच्या जोडाला आतून सुती अस्तर लावून पॅड धरेल अशी जागा करून दिली. पंख कापून, बिनपंखांचा लांब पॅड. तिनं तो टेकडीवर घालून पाहिला, चालतो म्हणाली.

११ जुलै, शुक्रवार. सामान

दोन चड्ड्या, तिसरी रात्रीची सैल सुती. जेली मोठ्या डबीतून काढून दोन छोट्या डब्यांत, एक कमरेच्या पाऊचमध्ये, दुसरी सॅकमध्ये. झिंकचं मलम. चार मऊ सुती फडकी, जुन्या साडीची, मावशींची आठवण. ही वेगळ्या प्लास्टिकच्या पिशवीत, कोरडी राहायलाच हवीत. अर्धा लिटरची एक बाटली फक्त धुण्यासाठी. गेटर.

रात्रीच्या गाडीनं कोल्हापूर.

१२ जुलै, शनिवार. पन्हाळा ते करपेवाडी

बाजीप्रभूंच्या पुतळ्याला नमस्कार करून निघालो. याच दिवसांत, १६६० मध्ये, सिद्दी जौहरच्या वेढ्यातून महाराज निघाले ते याच वाटेनं, रात्री, असाच पाऊस अंगावर घेत. राजदिंडी या गडाच्या छोट्या दरवाजातून उतरताना सगळे गप्प होते.

म्हाळुंगे, मग मसाई पठार. पठारावर ढग उतरले होते, दहा पावलांवरचा माणूस दिसत नव्हता, आणि पाऊस आडवा. इथेच मी पहिल्यांदा थांबले. आडोसा नव्हता, म्हणून आम्ही बायकांनी दोन पोंचो धरून कनात केली आणि एकेक जण आत जाऊन पुसून, लावून बाहेर आलो. दीड मिनिट प्रत्येकी. ज्यांनी आणलं नव्हतं त्यांना माझ्या डबीतून दिलं. पोरींनी न लाजता मागितलं. पुरुषांकडून एक हात पोंचोखालून आला, "ताई, आम्हाला पण जरा द्या." दुसरी डबी त्यांना दिली.

खोतवाडीच्या पुढे शेतांच्या बांधांवरून चिखल, पोटरीपर्यंत. गेटरनं काम केलं. पँटच्या आत रेती जवळपास नाही.

करपेवाडीत शाळेत मुक्काम. पोचल्या पोचल्या आधी धुणं, टिपणं, वाळवणं. उजवीकडे १, डावीकडे २. डावीकडची चड्डीची चपटी शिवण एका टोकाला उसवून दोरा आत आला होता. झिंक लावून झोपले. चड्डी पिळून दांडीवर टाकलीय, वाळणार नाही हे माहीत आहे, सकाळी दुसरी.

१३ जुलै, रविवार. पावनखिंड

सकाळी सात पासून चाल. आंबर्डे, मग जंगल, ओढे, जळवा. पायातून दोन-तीन काढल्या, मांडीपर्यंत एकही पोचली नाही, घट्ट चड्डीचा हा फायदा कुणी सांगितला नव्हता.

ओढे ओलांडताना कमरेपर्यंत पाणी. बाहेर आल्यावर दरवेळी थांबून पुसायला वेळ नव्हता, दोनदा तसंच चालले. त्या दोन वेळांनी डावीकडचा २ परत जागा झाला. तिसऱ्या ओढ्यानंतर थांबलेच, मागचे पुढे जाऊ दिले, नीट केलं, आणि मग तो वाढला नाही.

पांढरपाण्याला चहा. दादा शेजारी येऊन बसले. मी त्यांना सांगून टाकलं की राजगडला गुडघा नव्हता. मांड्या सोलवटल्या होत्या. ते थोडा वेळ कपाकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मी तेव्हा तुमच्या गुडघ्यामुळे वेग कमी ठेवायला हवा होता म्हणून स्वतःला बोल लावत होतो. सांगायचं होतं ताई, माझ्या सॅकमध्ये जेली असते. माझेही घासतात."

दुपारी साडेतीनला खिंडीत उतरलो. धबधब्याच्या आवाजात कुणाचं बोलणं ऐकू येत नव्हतं. डावीकडे २, उजवीकडे ०. पाय फाकवून चालत नव्हते. वहिनी ०.

१६ जुलै, बुधवार

डावीकडचा लालपणा उतरला. कातडी कुठेही फुटली नव्हती.

चड्डी घेऊन काकूंकडे. उसवलेलं टोक त्यांनी भिंगाखाली पाहिलं. जोडाचं पुढचं टोक फार निमुळतं केलं होतं, तिथे कापड शिवणीपुरतं उरलंच नव्हतं, ओढ बसली की दोरा सुटला. टोक गोल करायचं, शिवणीला पाव इंच जास्त सोडायचं, आणि साध्या दोऱ्याऐवजी ताणला जाणारा दोरा वापरायचा. दादांचं आणि आणखी चौघांचं माप शनिवारी घ्यायचं आहे. पुरुषांना पुढून जोड कसा बसवायचा यावर काकू विचार करताहेत, म्हणाल्या एक जुनी चड्डी उसवायला आणून दे.